‘क्राउन व्हर्सेस स्टीव्हन्स’मागचा कायदा

मायकेल पॉवेल दिग्दर्शित ‘क्राउन व्हर्सेस स्टीव्हन्स’ हा १९३६ चा ब्रिटिश गुन्हेपट ६६ मिनिटांत संपतो. कथेच्या गरजेइतकाच त्या काळातल्या कायद्याचा आणि पैशाच्या हिशेबाचाही या आटोपशीरपणात हात आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हॉलिवूडने ब्रिटनमधली चित्रपटगृहे इतकी व्यापली, की १९२६ च्या सुमारास तिथे लागणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपटांचा वाटा जेमतेम ५ टक्के उरला होता. म्हणून १९२७ च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म्स कायद्याने वितरकांवर साडेसात टक्के आणि चित्रपटगृहांवर ५ टक्के ब्रिटिश चित्रपटांचे बंधन घातले, आणि हे प्रमाण टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत न्यायचे ठरले. साम्राज्यात तयार होणाऱ्या चित्रपटांना असेच झुकते माप भारतातही द्यावे का, याचा विचार त्याच सुमारास भारतातल्या चित्रपटांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रंगाचारी समितीने केला होता आणि ती सूचना नाकारली होती.

कायद्यात किमान खर्चाची अट नव्हती, आणि नेमकी तीच उणीव महागात पडली. आपले अमेरिकन चित्रपट विकण्यासाठी वितरकांना ब्रिटिश चित्रपट दाखवणे भाग होते. ते चांगले असण्याची त्यांना निकड नव्हती. चित्रफितीच्या दर फुटाला साधारण एक पौंड असा दर रूढ झाला. म्हणजे सहा हजार फुटांच्या, तासाभराहून थोड्या मोठ्या चित्रपटासाठी सहा हजार पौंड मिळत, आणि निर्मात्याचा नफाही त्यातूनच निघावा लागे. हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने तर लंडनजवळच्या टेडिंग्टनचा स्टुडिओच हाताशी घेतला. पॉवेल यांचा हा चित्रपट तिथेच तयार झाला.

मोजक्या खोल्यांत घडणारी, संवादांवर चालणारी गुन्हेकथा या हिशेबात चपखल बसे. इथे कर्जात अडकलेला एक कारकून सावकाराकडे जातो, तर सावकार मरून पडलेला आणि समोर पिस्तूल घेतलेली बाई. पुढे कळते, की ती आपल्याच मालकाची बायको. मग ती कंजूष नवऱ्याला गुंगीचे औषध देऊन, बंद गॅरेजमध्ये मोटारीच्या धुराने मारू पाहते. त्या प्रसंगाला लागते एक मोटार आणि चार भिंती. तरी ताण कुठेही सैल पडत नाही. अशा चित्रपटांना सरसकट टाकाऊ ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण १९३१ ते १९३६ या काळात असे वीसहून अधिक चित्रपट करतानाच पॉवेल यांचा हात तयार झाला.

१९३८ च्या नव्या कायद्याने किमान खर्चाची अट आणली आणि हा व्यवहार आटोपला. या चित्रपटात लहान भूमिका केलेल्या अभिनेत्री गूगी विदर्स यांना पॉवेल यांनी १९४२ च्या ‘वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग’साठी पुन्हा बोलावले.