मांसगुणवत्तेचे जनुकीय मार्कर

मांसासाठी पाळलेल्या गोवंशात मांस किती मऊ निघेल, तंतूंमध्ये चरबीची जाळी कितपत धरेल, याचा अंदाज जनावर जिवंत असतानाच देणाऱ्या डीएनएमधील खुणा. एरवी हे गुण कापल्यावरच कळतात आणि कापलेला वळू पैदाशीला उरत नाही. त्याची पारख संततीच्या मांसावरूनच करावी लागे. आता शेपटीचे मुळासकट उपटलेले मोजके केसही तपासणीला पुरतात.

सर्वाधिक अभ्यास झाला तो कॅल्पेन आणि कॅल्पास्टॅटिन या जोडीचा. कत्तलीनंतर मांस थंड जागी मुरते, तेव्हा कॅल्पेन हे विकर (एन्झाइम) स्नायुतंतूंची बांधणी सैल करते. कॅल्पास्टॅटिन त्याला अडवते. पहिल्याचे जनुक गायीच्या २९व्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचे ७व्या. मऊपणा मोजायला शिजलेल्या मांसाचा गोल तुकडा बोथट पात्याखाली धरतात आणि तो कापायला लागणारा जोर नोंदवतात. चरबीसाठी १४व्या गुणसूत्रावरील थायरोग्लोब्युलिन व डीजीएटी१ या जनुकांकडे पाहिले गेले. बेल्जियन ब्लू जातीचे फुगीर स्नायू स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातील डीएनएची ११ अक्षरे गळाल्यामुळे आहेत, हे १९९७ मध्ये उलगडले. त्या गायींची वेत मात्र फार अवघड जातात.

या खुणांची खरी कसोटी लागते ती वशिंडाच्या जनावरांत. अमेरिकेतील ब्राह्मन जात गीर, कांकरेज, ओंगोल अशा भारतीय रक्तातून घडली. युरोपीय जातींत उपयोगी ठरलेली कॅल्पेनची ‘३१६’ ही खूण तिथे निकामी ठरली, कारण तिचे चांगले रूप ब्राह्मनमध्ये अगदी विरळ आहे. म्हणून ‘४७५१’ ही दुसरी खूण शोधावी लागली. डीजीएटी१चेही तसेच. भारतीय गायी-म्हशींत त्याचे एकच रूप जवळपास सर्वत्र आढळते, मग निवड कशातून करणार? परदेशी चाचणी जशीच्या तशी आणून लावणे म्हणूनच चुकीचे.

मुंबईत हा विषय म्हशीपाशी येतो. राज्यात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. तेव्हापासून देवनारच्या १९७१ साली सुरू झालेल्या कत्तलखान्यात मोठ्या जनावरांत म्हैसवर्गच उरला. मुंबईकर ज्याला ‘मोठ्याचे मटण’ म्हणतात, ते बहुधा दुधावरून उतरलेल्या भाकड म्हशींचे. मांसासाठी म्हणून त्यांची पैदास कधी झालीच नाही. तबेल्यात रेडकाला पोटभर दूध मिळत नाही, ते जगवून वाढवणे परवडत नाही. जोवर हे असे आहे तोवर वय, खुराक, कत्तलीआधीची विश्रांती आणि नंतरची थंड साठवण यांचा मऊपणावरील परिणाम कोणत्याही मार्करपेक्षा मोठा राहील.

२००१ मध्ये मांडलेल्या जीनोमिक निवडीत एकेका खुणेऐवजी हजारो खुणा एकत्र तोलतात. गायीचा जीनोम, म्हणजे डीएनएचा संपूर्ण आराखडा, २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली. गायीची गुणसूत्रे ६०, मुऱ्हासारख्या ‘नदी’ प्रकारातील म्हशीची ५०. जनुके बरीच सारखी असली तरी खुणांचे वजन म्हशींतच नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी अशा जातींच्या हजारो जनावरांचा डीएनए आणि त्याच जनावरांच्या मांसाची मोजमापे शेजारी शेजारी नोंदलेली हवीत.