निळ्या शंकुपेशींचे दोन आकडे

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या निळ्या-जांभळ्या उजेडाला दाद देणाऱ्या पेशी नेमक्या कुठल्या तरंगलांबीला सर्वाधिक संवेदनशील असतात? एका पुस्तकात ४२० नॅनोमीटर सापडतं, दुसऱ्यात ४४०. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत.

डोळ्यात रंग ओळखणारी तीनच साधनं असावीत, हा तर्क थॉमस यंग यांनी १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. हेल्महोल्ट्झ आणि मॅक्सवेल यांनी तो पुढे नेला. ही साधनं म्हणजेच लाल, हिरव्या आणि निळ्या म्हणवल्या जाणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी. पण निळ्या पेशी मोजमापाला दाद देईनात. एक तर त्या एकूण शंकुपेशींच्या दहा टक्क्यांच्याही आत. त्यातही नजरेच्या अगदी केंद्रात त्या जवळजवळ नसतातच. तिथे डोळा निळ्याला आंधळा असतो, असं आर्थर कोनिग यांनी १८९४ मध्येच म्हटलं होतं. पेशी रंगवून प्रत्यक्ष मोजणी व्हायला १९९१ उजाडलं. हा निळ्याविना ठिपका आकाशातल्या पूर्णचंद्राहूनही लहान, म्हणून रोजच्या व्यवहारात तो कुणाला जाणवत नाही.

मग मोजायचं कसं? इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. एस. स्टाइल्स यांनी १९३०च्या दशकाअखेरीपासून जी युक्ती वापरली ती मला फार आवडते. समोर प्रखर पिवळा उजेड ठेवायचा. लाल आणि हिरव्या पेशी त्यात दिपून जातात. त्यावर अंधूक निळा ठिपका टाकायचा आणि तो जेमतेम दिसेपर्यंत वाढवत न्यायचा. तो दिसला, म्हणजे निळ्या पेशींनीच पाहिला. हेच एकेका तरंगलांबीला करत गेलं की आलेख उभा राहतो. त्याचं शिखर आलं ४४०च्या आसपास.

१९८३ मध्ये डार्टनॉल, बोमेकर आणि मॉलन यांनी वेगळी वाट धरली. मानवी दृष्टिपटलातल्या सुट्या पेशींमधून बारीक प्रकाशझोत सोडून किती शोषला जातो ते त्यांनी मोजलं. सरासरी आली ४१९.

मधले वीस नॅनोमीटर वाटेतच खर्ची पडतात. डोळ्याचं भिंग मुळात थोडं पिवळट. जांभळा, म्हणजे कमी तरंगलांबीचा, उजेड ते अडवतं. दृष्टिपटलाच्या मध्यावरचं पिवळं रंगद्रव्यही आपला वाटा घेतं. त्यामुळे पेशीचं शिखर ४२०ला असलं, तरी डोळ्याबाहेरून मोजताना ते ४४०कडे सरकलेलं दिसतं. वय वाढतं तसं भिंग आणखी पिवळं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘अरे, भिंत निळी कधी दिली?’ असं विचारणारे आजोबा म्हणूनच चुकत नसतात.

१९९९ मध्ये स्टॉकमन, शार्प आणि फॅख यांनी पिवळ्या पार्श्वभूमीचीच पद्धत सुधारून वापरली. शिवाय ज्यांच्या लाल-हिरव्या पेशी जन्मतःच निकामी, अशा तिघांचीही मोजमापं घेतली. निळ्या पेशींचा आजचा प्रमाण आलेख या कामावर उभा आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २००६ साली प्रमाण आलेख ठरवले, तेव्हा वयाचा हिशेबही त्यात धरला. विशीतल्या माणसाचा आलेख वेगळा निघतो, ऐंशीतल्याचा वेगळा.