न्यूक्लिऑनची विद्युतचुंबकीय घडण

अणुकेंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. त्यांच्या आत विद्युतभार आणि चुंबकत्व कसे पसरले आहे, हे ‘फॉर्म फॅक्टर’ या राशींवरून कळते. न्यूक्लिऑन म्हणजे नुसता बिंदू नव्हे, याची पहिली चाहूल १९३३ मध्ये लागली. ऑटो स्टर्न यांनी मोजलेले प्रोटॉनचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचे माप, बिंदूसारख्या कणाकडून असलेल्या अपेक्षेच्या दुपटीहून जास्त भरले. न्यूट्रॉनवर तर भारच नाही, तरीही त्याला आघूर्ण आहे. म्हणजे त्याच्या पोटात भार आहेत, फक्त त्यांची बेरीज शून्य येते. पुढे १९५०च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डला हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रोटॉनचा आकार मोजला. १९६१च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

कोलायडरमध्ये, म्हणजे कणांचे झोत समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रात, हेच काम उलट्या दिशेने होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून नाहीसे होतात आणि त्या ऊर्जेतून न्यूक्लिऑन व प्रतिन्यूक्लिऑन अशी जोडी जन्मते. त्यासाठी किमान सुमारे १.८८ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतकी ऊर्जा लागते. जोड्या किती वेळा आणि कोणत्या कोनांत निघतात, यावरून फॉर्म फॅक्टर काढतात.

प्रोटॉनवर भार असल्याने तो वाटेत खूण सोडतो, त्यामुळे तो सापडतो. खरी कसोटी न्यूट्रॉनची. इटलीत फ्रास्काती येथील फेनिचे प्रयोगात न्यूट्रॉनच्या जोड्या प्रोटॉनपेक्षा कमी नव्हे, उलट जास्तच दिसल्या. न्यूक्लिऑन ज्या कणांचे बनलेले असतात त्या क्वार्कांच्या भारांचा हिशेब पाहता हे पटण्यासारखे नव्हते आणि हे कोडे बरीच वर्षे तसेच राहिले. बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगात प्रतिन्यूट्रॉन सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांत शिरून तिथल्या एखाद्या अणुकेंद्राशी भिडतो, नष्ट होतो आणि भरपूर ऊर्जा मागे ठेवतो. मग बरोबर समोरच्या बाजूला न्यूट्रॉनचा मंद ठसा शोधायचा. वैश्विक किरणांनी उठवलेल्या खोट्या खुणा वेचून टाकायच्या त्या वेगळ्याच. इतक्या चिकाटीने मिळवलेल्या मोजमापांत, २ ते ३.०८ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात, प्रोटॉनचे पारडे जड ठरले, म्हणजे प्रोटॉनच्या जोड्याच जास्त निघाल्या. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच मोजमापांत आणखी एक गोष्ट दिसली: ऊर्जा वाढते तसा न्यूट्रॉनचा फॉर्म फॅक्टर सरळ न उतरता बारीक लहरी घेत उतरतो. प्रोटॉनमध्ये अशी लहर आधी अमेरिकेतील बाबर (BaBar) या कोलायडर प्रयोगाच्या मोजमापांतून दिसली होती. दोन्ही लहरी एकाच वारंवारितेत बसतात, पण त्यांचे चढउतार एका वेळी येत नाहीत. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अजून नाही.

ऊर्जेच्या अगदी उंबरठ्याजवळची मोजमापे रशियातील नोवोसिबिर्स्कच्या व्हीईपीपी-२००० या कोलायडरवर होतात. तिथे जन्मलेले प्रतिन्यूट्रॉन संथ असल्याने शोधकापर्यंत उशिरा पोचतात आणि त्या उशिरावरूनच ओळखू येतात.