मागच्या सीटवरचा मित्र

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी आली. आपल्याकडे खानदेशात तो भरीत पार्ट्यांचा हंगाम. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजता भाजता या बातमीवरून दोन तट पडतातच. एकाचं म्हणणं, बरं झालं, सरकारनेच दोर आवळला. दुसऱ्याचं म्हणणं, पोरगं आमचं, त्यात सरकार कोण बोलणार? हा वाद रंगलेला असताना बांधावरून दहावीतली तीन पोरं एकाच बाईकवर दही आणायला निघतात, त्याकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "आमना पोऱ्या चांगली चालाडस." (आमचा पोरगा चांगली चालवतो.)

चालवतही असेल. मुद्दा तो नाहीच.

या वयात अक्कल नसते, असा आपला समज आहे. मानसशास्त्रातल्या चाचण्या तसं सांगत नाहीत. शांत खोलीत, घाई न करता विचार करायला दिला, तर साधारण सोळाव्या वर्षापर्यंत मुलांची तर्कशक्ती मोठ्यांच्या जवळपास पोचलेली असते. ट्रिपल सीट धोक्याची का, हे तो पोरगा तुम्हालाच नीट समजावून सांगेल. मग रस्त्यावर असं काय होतं?

२००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा खेळ वापरला. पडद्यावर गाडी धावते, सिग्नल पिवळा होतो. जितकं पुढे जाल तितके गुण, पण वेळेत थांबला नाहीत तर टक्कर आणि सगळे गुण गेले. खेळणारे तीन वयोगटांतले होते: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. काही जण एकटे खेळले, काही मित्रांसमोर. एकटे असताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मित्र बघत असताना मात्र सर्वांत लहान गटाने घेतलेली जोखीम सुमारे दुप्पट झाली. २४ च्या पुढच्यांवर मित्रांचा काहीच परिणाम दिसला नाही.

२०११ मध्ये जेसन शाइन, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तसाच खेळ एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं यंत्र) झोपवून खेळायला दिला. मित्र शेजारच्या खोलीत, पण ते बघताहेत हे खेळणाऱ्याला माहीत. तेवढ्यानेच किशोरांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग जास्त उजळला. मेंदूच्या तळाशी, खोलवर असलेला हा भाग बक्षिसाचा अंदाज बांधतो. डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचे तंतू इथे येऊन पोचतात आणि वयात येताना या जाळ्याची संवेदनशीलता वाढते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स 'थांब' म्हणणारा. त्याचं काम संथ. जादा जोडण्या छाटल्या जातात, उरलेल्या तंतूंवर मायलिन हे चरबीयुक्त वेष्टण चढतं, संदेश वेगाने धावू लागतात, आणि हे सगळं विशीतही चालूच राहतं. विहिरीवर मोठा पंप आधी बसवला आणि व्हॉल्व्हचं काम रखडलं, अशातली गत. म्हणजे मित्र धोक्याची जाणीव पुसत नाहीत. ते बक्षीस मोठं करतात. वजनकाट्याचं दुसरं पारडं जड होतं.

इथे एक सांगून टाकतो. "मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो" हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. तसं एखाद्या वाढदिवसाला बटण दाबल्यासारखं काही होत नाही. मेंदूतलं डोपामिन 'साफ' करून देतो म्हणत 'डोपामिन डिटॉक्स'चे कोर्स विकणाऱ्यांची मजल त्याच्याही पुढची. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणारा निदान दहा-वीस रुपयांत भागवतो.

उलट बाजूचा प्रयोगही झाला आहे. २०१५ मध्ये इव्हा टेल्झर यांच्या गटाने असाच खेळ आईच्या उपस्थितीत खेळवला. मुलांनी सुरक्षित निवड जास्त केली, आणि जोखीम घेतानाही स्ट्रायटमची उसळी कमी झाली. आईबापाचा धाक कवटीच्या आत पोचतो तो असा. पण आई खोलीत असेपर्यंत. जळगावात आकाशवाणी चौकातून महामार्ग ओलांडताना मागे आई नसते, वर्गमित्र असतो.

खेळ वेगळा आणि रस्ता वेगळा, हे मान्य. पण अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींतही सोळा-सतरा वर्षांच्या चालकाच्या मृत्यूचा धोका गाडीतल्या समवयस्कांच्या संख्येबरोबर वाढत गेलेला दिसतो. सोबत मोठं माणूस असेल तर तो घटतो.

आता कायद्याकडे. ऑस्ट्रेलियाने पालकांना वगळलंच आहे, त्यांच्या संमतीनेही खातं ठेवता येत नाही आणि दंड फक्त कंपन्यांना. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. मोटार वाहन कायद्याचं गणित आणखी निराळं. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला परवानगी आहे, तीही पालकाच्या लेखी संमतीने. पण तेवढ्या कमी सीसीची गाडी आज शोरूममध्ये शोधूनही मिळणं कठीण. त्याबाहेर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर २०१९ मध्ये आलेलं कलम १९९-अ थेट बापाला किंवा गाडीच्या मालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. (हा आकडा मेंदूशास्त्रातून आला, असं समजू नका.) गाडी पालकांच्याच संमतीने नेली असं कोर्ट धरून चालतं. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेपूर काळजी घेतली होती, हे बापाने सिद्ध करायचं. माझ्या मते यात चूक काही नाही. किल्ली खुंटीवर टांगायची की कपाटात ठेवायची, हे घरातच ठरतं.

मात्र या कलमाला मागच्या सीटचा पत्ता नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने मिळणारं लायसन्स आणलं. तिथे मधल्या टप्प्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर सहसा कोणाला बसवताही येत नाही. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याशिवाय कोणाला बसवायला मनाई आहे. पक्कं लायसन्स हातात आलं, की त्याच संध्याकाळी मित्राला मागे घेऊन रात्री बारा वाजता महामार्गावर निघायला कायद्याची हरकत नाही. ट्रिपल सीटला दंड आहे, पण तो अठरा वर्षांच्या पोराला आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या काकांना सारखाच.