ययातीच्या हातातलं मुंडकं

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. इंग्रजी एम अक्षरासारखा शर्मिष्ठा हा तारकासमूह लगेच सापडेल. तिच्या उजवीकडे जरा वर ययाती, माथ्याकडे देवयानी, खाली डावीकडे वृषपर्वा. जगभरच्या तारानकाशांत हीच मंडळी कॅसिओपिया, पर्सियस, अँड्रोमेडा आणि सेफियस.

ग्रीक कथेत कॅसिओपिया राणी रूपाची बढाई मारते, चिडलेला समुद्रदेव एक अजस्र जलचर पाठवतो, राजकन्या अँड्रोमेडाला खडकाला बांधतात आणि पर्सियस तिला सोडवतो. आपल्याकडे शर्मिष्ठा रागाच्या भरात देवयानीला विहिरीत ढकलते आणि ययाती हात देऊन तिला वर काढतो. तोरा मिरवणारी राजस्त्री, संकटातली मुलगी, सोडवणारा वीर. साचा झकास जमला! नात्यांचं मात्र कडबोळं झालं. कॅसिओपिया ही सेफियसची राणी, तर शर्मिष्ठा वृषपर्व्याची लेक.

गोष्ट दुसऱ्या अंगणात गेली की असंच होतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भूतकथा इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने आठवून सांगायला लावली. सीलची शिकार पुसली गेली आणि मासेमारी आली, कनू या निमुळत्या नावेची साधी होडी झाली. परकं वाटलं ते गळलं किंवा ओळखीचं झालं. त्यांचं हे काम १९३२ साली पुस्तकरूपाने आलं. पर्सियसवरचा १९८१ चा हॉलिवूडपट पाहिला की बार्टलेट आठवतात. त्यात जलचराच्या जागी नॉर्वेच्या दंतकथांतला क्राकेन हा दर्याराक्षस आहे. पर्सियस पंखांच्या घोड्यावर बसतो, जुन्या ग्रीक कथेत मात्र तो पंखांच्या पादुका घालून उडतो आणि घोड्यावर मांड ठोकतो तो बेलेरोफोन.

पण मेडुसाचं, म्हणजे पर्सियसने जिचं डोकं कापलं त्या सापांच्या केसांच्या राक्षसीचं, जे झालं, ते विसराळूपणाने झालेलं नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, तिघींत एकटीच मर्त्य. जुन्या भांड्यांवर तिला सुळे आहेत, जीभ बाहेर लोंबते आहे. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये ग्रीक कवी पिंडार मात्र तिला सुंदर गालांची म्हणतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यानंतर चार-पाच दशकांनी रंगवलेला एक कुंभ आहे. त्यावर ती चक्क एखाद्या साध्या मुलीसारखी झोपली आहे आणि पर्सियस विळा घेऊन वाकला आहे. पुढे रोमन कवी ओव्हिड सांगतो, की ती रूपवती होती, समुद्रदेवाने मिनर्व्हा देवीच्या देवळात तिच्यावर बळजबरी केली आणि देवीने शिक्षा केली ती तिलाच. केसांचे साप तेव्हा झाले. म्हणजे आज 'आधुनिक' म्हणून मिरवणारी पीडित मेडुसा दोन हजार वर्षं जुनी आहे.

फ्लॉरेन्सच्या चौकात १५५४ पासून शिल्पकार चेल्लीनीचा पर्सियस तिचं शिर उंचावून उभा आहे. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ मध्ये ते चित्र उलटवलं. मेडुसा उभी, पर्सियसचं शिर तिच्या हातात. २०२० मध्ये हा पुतळा न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर काही काळ बसवला होता. तेव्हा अनेकांनी विचारलं, गुन्हा समुद्रदेवाचा, मग डोकं पर्सियसचं का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. तरी झोपलेल्या बाईचा गळा कापणाऱ्या वीराला कुणीतरी जाब विचारणारच होतं.

ययातीच्या गोष्टीत कापलेलं मुंडकं कुठेच नाही. आकाशात मात्र ते आहे. पर्सियसच्या हातातल्या मेडुसाच्या शिरातला तारा म्हणजे अल्गोल, अरबीत 'राक्षसाचं डोकं'. सुमारे २ दिवस २१ तासांनी तो मंदावतो, काही तासांत पुन्हा उजळतो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने त्याचा काळ मोजला आणि एखादी काळोखी वस्तू त्याच्यासमोरून जात असावी असं सुचवलं. ती वस्तू सोबतीचा तारा निघाली, मंद पण आकाराने मोठा. दुर्बीण लागत नाही. अल्गोल मंदावू लागल्यावर शेजारच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करत तासाभराने पुन्हा पाहा, फरक दिसतो.