बोटीचा ट्रेलर नाचणं

गाडीच्या मागं जोडलेला ट्रेलर हायवेवर डावीकडं-उजवीकडं झोके घ्यायला लागतो आणि ते झोके आपोआप विरायच्या ऐवजी वाढतच जातात, त्याला ट्रेलर स्वे म्हणतात, इकडं कोल्हापुरात सरळ 'ट्रॉली नाचायला लागली' म्हणून मोकळं होतात. सुरवातीला आरशात नुसतं शेपूट हलल्यासारखं दिसतं, मग तेच शेपूट गाडीला ओढायला लागतं, आणि शेवटी ट्रेलर गाडीला घेऊन आडवा होतो नाहीतर पलटी होतो. बोटीचा ट्रेलर यात जास्त बदनाम आहे. बोटीचं सगळं जड सामान, म्हणजे इंजिन, बॅटरी, बऱ्याचदा पेट्रोलची टाकीसुद्धा मागच्या टोकाला असतं.

हा प्रकार परदेशातून आलाय असं वाटत असेल तर आधी बैलगाडी आठवा. गाडी भरताना माग वजन जास्त झालं की जू वर उचलायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा, त्या गाडीला म्हणायचे उलाळ. पुढं जास्त झालं की सगळा भार मानेवर, ती धुरजड. म्हातारी माणसं गाडी भरून झाली की जू हातानं उचलून बघायची आणि दोन पोती पुढं नाहीतर मागं सरकवायची. आजच्या टोइंगच्या पुस्तकात टंग वेट नाहीतर नोज वेट म्हणून जो आकडा देतात तो हाच, फक्त टक्क्यात. ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जे वजन होतं त्याच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हुकवर पडावं असं अमेरिकेत सांगतात, बोटीच्या ट्रेलरला काही कंपन्या ५ ते १० टक्के पण चालवतात, त्यामुळं आपल्या ट्रेलरच्या कागदावर काय लिहिलंय ते बघायचं. कमी पडलं तर ट्रेलर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर नाचणारच. धुरजड ट्रेलर नाचत नाही सहसा, पण गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. ऊस भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टर तोंड वर उचलतो ते सीझनमध्ये कुणी बघितलं नाही?

आता उलाळ ट्रेलर का नाचतो? हुक हा एक खुंटा समजा, त्याच्याभोवती ट्रेलर घड्याळाच्या लंबकासारखा आडवा हलतो. मधी येणारा ट्रक, वाऱ्याचा झोत, खड्डा, नाहीतर ड्रायव्हरनं लेन बदलताना मारलेला झटका, एवढ्यानं पहिला झोका बसतो. त्याला परत सरळ आणायचं काम ट्रेलरची चाकं करतात, आणि वजन चाकांच्या पुढं असलं तरच ती ते नीट करतात. दुसरी गोष्ट स्पीडची. जसजसा स्पीड वाढतो तसतसा झोका विरायची ताकद कमी होत जाते आणि प्रत्येक जोडीचा एक स्पीड असा असतो की त्याच्या वर गेलं की झोका विरतच नाही, वाढतो. म्हणून '६० ला मस्त चालत होती ओ, ८० ला अचानक काय झालं' असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. अचानक काही झालेलं नसतं, हद्द ओलांडलेली असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैल म्हणजे साधारण ८८ किलोमीटर आणि ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल म्हणजे साधारण ९७ ही हद्द कायद्यानं ठरवलीय, आणि तिथले रस्ते कागल-सातारा पट्ट्यापेक्षा बरे असतात.

आकड्यात बघू. बोट इंजिनासकट ८०० किलो, ट्रेलर ३००, एकूण ११००, आणि हुकवर ११० म्हणजे बरोबर १० टक्के. हुकापासून आसापर्यंत अंतर साडेचार मीटर धरा. आता पावसाळ्यात बोट अंगणात उघडी पडलीय, ड्रेन प्लग म्हणजे बोटीतलं पाणी सोडायचं बूच काढायचं राहिलंय, आणि मागच्या भागात १०० लिटर पाणी साठलंय, आसाच्या दोन मीटर मागं. ते १०० किलो पाणी हुकवरचं ४४ किलो वजन उचलून टाकतं. ११० चे राहिले ६६, आणि एकूण वजन झालं १२००, म्हणजे साडेपाच टक्के. बाहेरनं बघून कुणाला काही कळणार नाही, बोट तीच, गाडी तीच. उलट बोट ट्रेलरवर फक्त १५ सेंटीमीटर पुढं सरकवली तर हुकवर जवळजवळ २७ किलो वाढतात. म्हणून मालवण-तारकर्लीला बोट न्यायची असो नाहीतर पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडं निघाली म्हणून घाईघाईत शिरोळकडं न्यायची असो, निघायच्या आधी ड्रेन प्लग काढून पाणी सोडायचं, ही पाच मिनिटं सोडू नयेत. पुराच्या घाईत तर हमखास राहतं हे, कारण सगळे म्हणतात आता पाण्यातच तर जायचंय.

मोजायचं कसं, तर वजनकाट्यावर. मार्केट यार्ड, कारखाने, कुठंही काटा मिळतो. आधी ट्रेलर गाडीपासून सोडून पूर्ण काट्यावर घ्यायचा, ते झालं एकूण वजन. मग नुसती चाकं काट्यावर आणि तोंड काट्याच्या बाहेर जॅकवर टेकवून परत वजन घ्यायचं, दोन्हीतला फरक म्हणजे हुकवरचं वजन. जॅक हुकाच्या जवळ पाहिजे आणि ट्रेलर लेव्हलला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. मोठे काटे १०-१० किलोच्या टप्प्यानं दाखवतात, त्यामुळं छोट्या बोटीला घरातला वजनाचा काटा तोंडाखाली ठेवलेला बरा, त्याची मर्यादा बघून.

उद्यमनगरात नाहीतर शिरोलीला ट्रेलर बनवून घेणार असाल तर इथं एक गोष्ट आधीच सांगा. फॅब्रिकेशनवाल्याला ट्रॉलीची सवय असते, तो मापं त्या हिशोबानं धरतो आणि विंच म्हणजे बोट पुढं ओढून धरायचं हातचक्र बसवायचा खांब पण चेसिसला वेल्डिंग मारून मोकळा होतो. खांब यू-बोल्टनं धरायला सांगायचा, म्हणजे बोट दोन-चार इंच पुढंमागं घेता येते. आसाचे क्लॅम्प पण तसेच. पुढं कधी इंजिन बदललं, ११५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक लावलं की मागं दीडशे किलोच्या वर वजन येतं, तेव्हा ही सोय नसली तर गॅस कटर आणावा लागतो. नळी म्हणजे पुढचा ड्रॉबार लांब ठेवला तर ट्रेलर शांत चालतो, गल्लीत वळवायला मात्र त्रास, हे घेणाऱ्यानं ठरवायचं.

बाकीच्या गोष्टी पटकन. बॉल म्हणजे गाडीच्या हुकाचा गोळा आणि कपलर म्हणजे त्यावर बसणारी ट्रेलरच्या तोंडाची वाटी, दोन्ही एकाच मापाचे पाहिजेत, ५० मिलिमीटरच्या कपलरला दुसऱ्या मापाचा बॉल ठोकून बसवू नये. ट्रेलर लेव्हलला किंवा तोंड किंचित खाली, वर कधीच नाही. टायरमध्ये हवा पूर्ण, ट्रेलरच्या आणि गाडीच्या मागच्या पण, कारण मऊ टायर कडेनं दबतो आणि झोक्याला मदत करतो. बोट पुढं विंचला बांधली म्हणजे झालं असं नाही, मागच्या दोन्ही कोपऱ्याला पट्टे ओढून ट्रेलरशी बांधायची. सेफ्टी चेन हुकाखालून फुली मारून लावायच्या, ट्रेलर सुटलाच तर तोंड जमिनीवर न आपटता चेनवर पडतं.

स्वे कंट्रोल म्हणून विकत मिळणारे बार असतात, घर्षणानं झोका दाबणारे. काम करतात, पण भरणी चुकलेली असेल तर ते दुखण्यावर मलम लावल्यासारखं. काही नवीन गाड्यांत ट्रेलर स्टॅबिलिटी नावाची सोय असते, ती झोका ओळखून गाडीच्या एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते, हे मात्र खरंच उपयोगी.

नाचायला लागलाच तर काय? पाय ॲक्सिलरेटरवरनं काढायचा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, बास. झोक्याच्या उलट वळवायला जाऊ नये, माणसाचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि झोका मोठा होतो. स्पीड वाढवून ट्रेलर ताणून सरळ करायचा सल्ला धाब्यावर हमखास मिळतो, तो ऐकू नये. गाडीचे ब्रेक जोरात मारू नयेत. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर नुसते ट्रेलरचे ब्रेक हातानं हळू दाबता येतात, ते मागनं खेचून सरळ करतात. पण बोटीच्या ट्रेलरला बऱ्याचदा सर्ज ब्रेक असतात, पाण्यात बुडतात म्हणून, आणि ते गाडी हळू झाल्यावर ट्रेलर पुढं दाबला गेला तरच लागतात, वेगळे दाबता येत नाहीत. म्हणजे तिथं हातात फक्त ॲक्सिलरेटर सोडणं राहतं. थांबल्यावर हुक, टायर आणि बोट मागं सरकलीय का ते बघायचं, तसंच परत निघायचं नाही.

उतारावर हे लवकर होतं, कारण ट्रेलर मागनं ढकलत असतो. निपाणीच्या पुढं तवंदी घाट उतरताना किंवा कोकणात जाताना आंबा, करूळ, फोंडा यातला कुठलाही घाट असो, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. घाटात स्पीड कमी म्हणून सहसा निभावतं, धोका घाट संपल्यावरच्या सरळ उताराला, जिथं ड्रायव्हर सुटलो एकदाचं म्हणून पाय मोकळा सोडतो.

आणि दोन ट्रॉल्यांचं सांगायचं राहिलं. एकामागं एक दोन ट्रॉल्या लावल्या की पहिलीचा झोका दुसरीत मोठा होऊन पोचतो, चाबकाचं टोक जसं. भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या रांगत जातात म्हणून वाचतात, कारखान्यावरनं रिकाम्या परत येताना गाणी लावून पळवल्या की मागची अर्धा रस्ता झाडत येते. तिला ओव्हरटेक करायचं असेल तर ती सरळ चाललीय अशी खात्री झाल्यावर, हॉर्न देऊन आणि लांबनं.