थंडीत ड्रोनची बॅटरी हवेतच का बसते?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थंडी पडली की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक ठरलेली तक्रार येते. "चाळीस टक्के दाखवत होती हो, आणि ड्रोन आपोआप खाली यायला लागला!" सोबत तुटलेले पंखे, कधी वाकलेला कॅमेरा, आणि चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की बॅटरी खराब दिलीत. आम्ही बॅटरी मीटरला लावतो. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर. गिऱ्हाईक म्हणतं, बघा, चार्ज आहे की! आहेच. चार्ज कुठे गेलेला नव्हताच. मोटर मागत होत्या त्या वेगाने तो बाहेर पडत नव्हता.

ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर किंवा लिथियम आयन सेल असतात. सेल करंट देतो तेव्हा आतल्या द्रवातून लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात. गारठ्यात हा द्रव दाटतो आणि आयनांची चाल मंदावते. पलीकडे पोचल्यावर पदार्थात शिरायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. बाहेरून मोजलं तर हे सगळं एकाच आकड्यात दिसतं, सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा. थंडीत तो वाढतो, आणि पारा शून्याकडे गेला की काही पटींनी वाढतो.

थोडा हिशोब करून बघू. समजा एका सेलचा रोध उबदार असताना १० मिलिओम आहे. ड्रोन एका जागी तरंगताना १५ अँपिअर ओढतो, तर सेलमध्येच (करंट गुणिले रोध) ०.१५ व्होल्ट खर्ची पडतात. जोरात वर चढताना ३० अँपिअर ओढतो, म्हणजे ०.३ व्होल्ट गेले. सेल ३.८ वर असेल तर मोटरना ३.५ मिळतात; काही बिघडत नाही. आता तोच सेल गारठलेला आहे आणि रोध ३० मिलिओम झालाय असं धरा. तरंगतानाच ०.४५ व्होल्ट जातात, उरतात ३.३५. कसंबसं चालतं. पण वर चढायला रिमोटची स्टिक ढकलली की ०.९ व्होल्टची घसरण होते आणि सेल २.९ वर येतो. ड्रोनच्या दृष्टीने बॅटरी संपली. तो स्वतःला वाचवायला जबरदस्तीने उतरतो किंवा मोटरना पुरेसा जोर मिळत नाही आणि आदळतो. जमिनीवर आल्यावर करंट शून्य, म्हणून घसरणही शून्य, आणि आमच्या मीटरवर सेल पुन्हा ३.७ च्या वर!

मग टक्के का फसवतात? स्मार्ट बॅटरीतलं सर्किट मुख्यतः किती चार्ज बाहेर गेला याची वही ठेवतं. वहीप्रमाणे शिल्लक आहे, आणि ती खरीही आहे, पण त्या घडीला काढता येत नाही. व्होल्टेज कोसळलं की मग सर्किटला जाग येते आणि चाळीसचे एकदम दहा होतात. म्हणून थंडीत आमचं गिऱ्हाइकांना एकच सांगणं असतं: टक्क्यांपेक्षा व्होल्टेजकडे बघा. बऱ्याच ॲपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक सेलचं व्होल्टेज स्क्रीनवर ठेवता येतं. उडताना कुठलाही सेल ३.५ च्या खाली डोकावू लागला की परत फिरा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे राहत असेल तर ती बॅटरी थंडीत नेऊच नका; सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात अशक्त सेल दमला की सगळी बॅटरी दमली.

आता एक गोष्ट, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरी बसायला लागली की माणूस घाबरून घरी परतण्याचं बटण दाबतो. हे बटण दाबल्यावर बरेचसे ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतात आणि मग मागे वळतात. म्हणजे व्होल्टेज घसरत असताना नेमका सगळ्यात जास्त करंट ओढला जातो. वरचं गणित आठवा. शक्य असेल तर स्वतः, हळूहळू, सरळ रेषेत परत आणा, आणि जवळ मोकळी जागा दिसत असेल तर तिथेच उतरवा. चालत जाऊन आणणं परवडतं. परतीची उंचीही गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ड्रोनमध्ये ती उगाचच शंभर मीटरवर लावलेली असते.

उडवण्याआधी

बॅटरी उबदार हवी, बाकी सगळं त्यानंतर. आमचा नियम असा आहे की सेलचं तापमान २० अंशांच्या आसपास असावं, आणि १५ च्या खाली असेल तर उड्डाण नाही. बाहेरचं तापमान किती हा वेगळा मुद्दा आहे. अनेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत उड्डाणासाठी ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ शून्य अंशाची बॅटरी घालून थेट आकाशात झेप घ्यायची असा कुणी घेऊ नये. बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. त्याच खिशात किल्ल्या किंवा नाणी नकोत. टर्मिनलला टेकली तर शॉर्ट होऊन खिसा पेटेल. हातशेकणीची पुडी चालते, पण मध्ये कापड घालून. हेअर ड्रायर आणि हीटर मुळीच नको. एक बाजू भाजते, दुसरी गारच राहते.

उड्डाण झाल्या झाल्या डोक्याएवढ्या उंचीवर एक-दोन मिनिटं तरंगत ठेवा. ज्या रोधाने आपलं काम बिघडतं तोच इथे उपयोगी पडतो: त्यातून करंट गेला की आतूनच उष्णता तयार होते. उबदार निघालेली बॅटरी सहसा पुढे स्वतःची ऊब टिकवते. घात होतो तो गारठलेली बॅटरी आणि पहिल्याच मिनिटात पूर्ण जोर, या जोडीने. मोठ्या व्यावसायिक ड्रोनमध्ये, उदाहरणार्थ डीजेआयच्या मॅट्रिस २०० मालिकेत, स्वतःला तापवणाऱ्या बॅटऱ्या येतात. आणि ज्यांना हा सगळा खटाटोप वाटतो त्यांच्यासाठी: १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर पहिल्यांदा उडालेल्या नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरच्या बॅटरीतली बरीचशी ऊर्जा उडण्यात नव्हे, तर उणे ९० अंशांच्या रात्री स्वतःला ऊब देण्यात जायची.

पूर्ण चार्ज करूनच निघा, म्हणजे सेल ४.२ व्होल्टवर. काही स्मार्ट बॅटऱ्या काही दिवस पडून राहिल्या की स्वतःहून साठ-सत्तर टक्क्यांवर उतरतात. हे त्यांच्या तब्येतीसाठी चांगलं, पण तशाच उचलून थंडीत नेऊ नका. स्पोर्ट मोड बंद. परतण्याचा इशारा ३५-४० टक्क्यांवर लावा. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर येणार, हे निघतानाच लक्षात असू द्या. डोंगरात वर जाताना दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा पायथ्याचं तापमान बघून वरचा अंदाज बांधू नका. आणि शून्याच्या आसपास धुकं असेल तर उडवूच नका. पंख्यांवर बर्फ चढतो, मोटर जास्त करंट ओढतात, आणि बोल मात्र बॅटरीला लागतो.

रिमोटला लावलेला फोनही गारठतो बरं का. त्याचीही बॅटरी लिथियमचीच.

परत आल्यावर

थंडीत उडवल्याने बॅटरी सहसा मरत नाही. ऊब मिळाली की रोध खाली येतो आणि क्षमता परत मिळते. आमच्याकडे गारठलेली बॅटरी मीटरला लावून ठेवली की आकडा डोळ्यांदेखत उतरताना दिसतो. बॅटरी मारतो तो थंड चार्ज. शून्याखाली चार्जर लावला तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन बसतं. ते नुकसान भरून निघत नाही: क्षमता कायमची जाते, आणि पुढे याच थरातून आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका राहतो. म्हणून रात्रभर गाडीत राहिलेली बॅटरी सकाळी थेट चार्जिंगला लावू नका. तास-दोन तास खोलीत ठेवा. पुस्तिकांमध्ये चार्जिंगची खालची मर्यादा बहुधा ५ अंश असते, आम्ही १५ म्हणतो. चार्जर नकार देत असेल तर तो तुमच्याच भल्यासाठी, दुसरा साधा चार्जर शोधत बसू नका. ड्रोन आणि बॅटऱ्या बाहेरून उबदार खोलीत आणताना पिशवी बंदच ठेवा, नाहीतर गार पृष्ठभागावर दव धरतं आणि सर्किटमध्ये पाणी जातं. पुढचे काही दिवस उडवायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या.

बॅटरी फुगली असेल तर विषय संपला. टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही. धातूच्या डब्यात किंवा वाळूत, घराबाहेर ठेवा आणि आम्हाला कळवा, ती घरी कशी हाताळायची ते सांगू.

तक्रार घेऊन येताना ड्रोनसोबत रिमोट आणि फोनही आणा, आणि त्या दिवसाची उड्डाणनोंद पुसू नका. नोंदीत सेकंदागणिक व्होल्टेज, करंट आणि बॅटरीचं तापमान असतं. बॅटरी उबदार असूनही व्होल्टेज कोसळलेलं दिसलं तर दोष बॅटरीचा धरतो आणि वॉरंटीत बदलून देतो. बॅटरी ४ अंशांवर असताना उड्डाण झालेलं दिसलं तर बदलून देत नाही, पण रोध मोजून ती पुढे वापरण्याजोगी आहे की नाही ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. तपासायला म्हणून घरी पुन्हा उडवून बघू नका.